मोकळ्या जागेचा वाटा

ज्याच्या घराला अंगण नाही आणि गावी शेतही उरले नाही, अशा मनुष्यास घटकाभर मोकळ्या आकाशाखाली निर्वेध बसता यावे, हा विषय सरकारी दप्तरात बहुधा शेवटच्या पानावर असतो. केंद्र शासनाने २५ जून २०१५ रोजी आरंभिलेल्या ‘अमृत’ अभियानात, पाणीपुरवठा व मलनिःसारण यांच्या अवाढव्य खर्चाशेजारी, ५०० शहरांतील उद्याने आणि हरितक्षेत्रे यांसाठी वार्षिक आराखड्याच्या अडीच टक्क्यांपर्यंत तरतूद ठेवण्यात आली, आणि तीत बालकांच्या सोयींचा आवर्जून उल्लेख झाला. लोकसंख्या १० लाखांपर्यंत असलेल्या शहरास प्रकल्पखर्चाचा निम्मा, त्याहून मोठ्या शहरास एकतृतीयांश हिस्सा केंद्राकडून मिळत असे. तोही २०, ४० आणि ४० टक्के अशा तीन हप्त्यांनी. उरलेली रक्कम राज्य शासन व नगरपालिका यांनी उभी करावयाची असे.

खरी अडचण पुढेच आहे. अनुदानातून कुंपण, दिवे, घसरगुंडी होते. माळ्याचा आणि पहारेकऱ्याचा दरमहाचा पगार मात्र स्थानिक तिजोरीतूनच निघावा लागतो, आणि तो न निघाला की भर दुपारी, जेव्हा मजूर स्त्रीला सावली हवी असते, तेव्हाच फाटकाला कुलूप दिसते.