पाटी बदला, मग वाटा

(बार्शीच्या बैठकीत केलेलं भाषण)



मला इथं बोलावलं ते भांडण सोडवायला. आपल्या अभ्यासिकेतल्या पोरांनी भंगारात निघालेले चार कॉम्प्युटर उचलून आणले. नवं विंडोज त्यावर चालेना. मग उबुंटू घातलं, मराठी फॉन्ट, टायपिंग, स्पर्धा परीक्षेची गाइडं भरली, पेनड्राइव्हवर कॉप्या काढल्या आणि वर नाव ठोकलं ‘उबुंटू बार्शी’. एका दुकानदारानं दम दिला, ‘हे चोरीचंय, आत जाल.’ त्याच्याच दुकानात चोरीचं विंडोज घालून मिळतं, ते सोडा. निम्मी पोरं म्हणतात बंद करा. निम्मी म्हणतात, फुकटचा माल, कोण काय करतंय?

दोघंही अर्धेच खरे.

चोरी नाही, हे आधी छातीठोक सांगतो. लिनस टोरवाल्ड्सनं १९९१ साली लिनक्स लिहायला घेतलं आणि १९९२ ला ते जीपीएल परवान्याखाली आणलं. हा परवाना रिचर्ड स्टॉलमननं १९८९ मध्ये काढलेला. वापरा, आतलं वाचा, बदला, वाटा, विकासुद्धा. पण तुमच्याकडून ज्याला कॉपी गेली त्याला सोर्स कोड आणि हेच सगळे हक्क मिळाले पाहिजेत. तळं तुम्हाला उघडं मिळालं, तुम्ही त्याला कुंपण घालायचं नाही. हे आपल्याला कुणी नव्यानं शिकवायला नको.

मग मला सांगा, तुमच्या पेनड्राइव्हबरोबर सोर्स कुठंय? एकानंही दिलेला नाही. तो द्या. मराठीसाठी घातलेला लोहित फॉन्ट रेड हॅटनं २००४ मध्ये खुला केला, २०११ पासून ओपन फॉन्ट परवान्याखाली आहे. तो बिनधास्त ठेवा. पण ती स्कॅन केलेली गाइडं? ती कुठल्या परवान्याखाली? काढा ती. चोरी असलीच तर ती तिथं आहे.

आता नाव. कोड जीपीएलचा असला तरी नाव ट्रेडमार्कचं असतं, आणि ‘उबुंटू’ हे नाव कॅनॉनिकल कंपनीचं. जसंच्या तसं वाटलं तर चालतं. बदललं तर त्यांची मंजुरी घ्या, नाहीतर नाव-चिन्हं काढून सगळं पुन्हा कंपाइल करा, असं त्यांचं धोरण. या धोरणावर फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशन भांडलं. २०१५ मध्ये कंपनीला लिहून द्यावं लागलं की जीपीएलनं दिलेले हक्क यानं हिरावले जात नाहीत. म्हणजे मालक हात लांब करतोच, करू द्यायचा की नाही ते आपण ठरवायचं!

पण नावाचा हक्क त्यांचाच राहिला. भल्याभल्यांना तो सुटला नाही. मोझिलाशी वाजलं तेव्हा २००६ मध्ये डेबियननं फायरफॉक्सचं नाव ‘आइसवीझल’ केलं, ते २०१६ पर्यंत. सेंटओएसला २००५ मध्ये रेड हॅटच्या वकिलांचं पत्र आलं, तर त्यांनी नाव पुसून ‘उत्तर अमेरिकेतला एक प्रख्यात विक्रेता’ असं लिहिलं. काय टोमणा! आपल्या सी-डॅकनं डेबियन घेतलं आणि २००७ मध्ये ‘बॉस’ नावानं काढलं. नाव वेगळं, कुणाची हरकत नाही.

विद्यापीठाच्या नावासाठी १९७८ ते १९९४ आपली माणसं झिजली, मेली. नाव काय असतं ते आपल्याला कळतं. मग स्वतःच्या रात्री जागून केलेल्या कामावर कंपनीची पाटी का टांगता? उद्या तुमच्या चुकीनं कुणाचा कॉम्प्युटर बसला तर शिव्या त्यांना, आणि चांगला चालला तर कौतुकही त्यांनाच. पाटी काढा. मात्र आतल्या फायलींत ज्यांनी लिहिलं त्यांची नावं आहेत, त्यातलं एक अक्षर पुसायचं नाही. ‘उबुंटूवर आधारलेलं’ असं खरं ते लिहायचं.

दुसरी वाट म्हणजे मंजुरी मागणं. भारतातल्याच एका शाळकरी पोरानं २०२० मध्ये ‘उबुंटू युनिटी’ काढलं, २०२२ ला ते अधिकृत झालं. पण तेवढा दम आणि वेळ आपल्यात आहे का, हे तुम्ही बघा.

रविवारी सकाळी बसू. सुरू होताना दिसणारं चिन्ह, वॉलपेपर, माहितीच्या खिडकीतलं नाव, सगळं बदलायचंय. एकानं ‘बार्शी लाइट’ सुचवलंय. १८९७ ची आपली छोटी गाडी. कंपनी १९५४ मध्येच सरकारजमा झाली, तरी ट्रेडमार्कच्या नोंदीत बघून घेऊ. पहिला पेनड्राइव्ह त्या दुकानदाराला मी स्वतः नेऊन देणार आहे.