दिवा हलवला, पण बेट?

आज आम्ही तुम्हाला एका बेटाची गोष्ट सांगणार आहोत. ते बेट आता नकाशावरच उरलंय.

अमेरिकेत मेरीलँड राज्याजवळ चेसापीक नावाची मोठी खाडी आहे. तिच्यात शार्प्स आयलंड हे बेट होतं. सतराव्या शतकातल्या पीटर शार्प या वैद्याचं नाव त्याला मिळालं. बेटावर शेती होती, पुढे हॉटेलही निघालं.

येणाऱ्या-जाणाऱ्या जहाजांसाठी १८३८ साली तिथं दीपगृह बांधलं. लाकडी घर, आणि छपरावर दिवा. किनारा ढासळतोय हे तेव्हाच दिसत होतं, म्हणून घर हलवता येईल असंच बांधलं होतं. पुढे ते आत सरकवावंही लागलं. पण जमीन खचतच राहिली. मग १८६६ साली समुद्रतळात लोखंडी खांब रोवून त्यावर दुसरं दीपगृह उभारलं.

१८८१ च्या फेब्रुवारीत खाडीतल्या बर्फाच्या लोंढ्यानं ते खांबांवरून उचकटून नेलं. आत दोन राखणदार होते! घर तरंगत तरंगत कित्येक तासांनी उथळ पाण्यात अडकलं. दोघंही वाचले, आणि दिव्याचं मोलाचं भिंगही त्यांनी वाचवलं.

१८८२ साली लोखंडाचा भक्कम बुरूज बांधला. १९७७ च्या बर्फानं तोही कलला. तोवर बेट मात्र पाण्याखाली गेलं होतं. भुसभुशीत माती, लाटांचा मारा, खचणारी जमीन आणि चढणारं पाणी. एका रात्रीत नाही, वर्षानुवर्षं थोडं थोडं गेलं.

ही गोष्ट गटाच्या बैठकीत वाचली, तेव्हा सगळ्या गप्प झाल्या. मग एक काकू म्हणाल्या, "अगो, आपल्या सुरूच्या बनातली पुढची रांग कुठं गेली?" कुणालाच साल सांगता येईना.

त्या दिवसापासून आम्ही गटाच्या वहीत एक पान राखलंय. दर पावसाळ्याआधी आणि नंतर खाजणाच्या बांधापासून भरतीच्या रेषेपर्यंत दोरीनं अंतर मोजतो. तारीख लिहितो, खाली दोघींच्या सह्या. ग्रामसभेत "समुद्र आत येतोय" एवढं म्हणून भागत नाही, आकडा लागतो.

तुमचं गाव नदीकाठी असो की ओढ्याकाठी, एक दोरी आणि एक वही पुरे. बचतीचा हिशेब आपण ठेवतोच. आता जमिनीचाही ठेवू या.