माळ्यावरची लाकडी पेटी

 

आपल्या प्रवरा-गोदावरीच्या पट्ट्यात ऊस आला, कारखाने आले, तसे काही घरांत मर्फी, फिलिप्स, बुशचे रेडिओ आले. एखाद्या वाड्यात रेकॉर्ड वाजवणारा रेडिओग्रामही आला. तेव्हा रेडिओला सरकारी परवाना लागायचा. १९५७ साली विविध भारती सुरू झाली. गाणी सगळ्यांच्या कानी पडायची, पण बटणाला हात लावायचा तो घरच्या कारभाऱ्यानं! आता तीच पेटी भंगारवाला किलोवर मागतो.

थांबा, लगेच देऊ नका. बऱ्याचदा रेडिओ बिघडलेला नसतोच. जुन्या पेट्या बहुतेक मीडियम वेव्ह आणि शॉर्ट वेव्हच्या. आपली नगरची आकाशवाणी लागते एफएमवर, १००.१ ला. मग ती पेटी धडधाकट असूनही मुकी वाटते.

पहिली गोष्ट, वर्षानुवर्षं बंद असलेला रेडिओ थेट प्लगमध्ये घालायचा नाही. आतले कंडेन्सर खराब झालेले असतात, धूर निघू शकतो. दुसरी, मागचं झाकण आपण उघडायचं नाही. व्हॉल्व्हच्या रेडिओत दोनशे व्होल्टच्या वर दाब असतो आणि प्लग काढल्यावरही कंडेन्सरमध्ये तो काही वेळ राहतो. काही रेडिओंना ट्रान्सफॉर्मरच नसतो, आतल्या लोखंडी सांगाड्यातच करंट उतरू शकतो. म्हणून अशा पेटीला वायरनं मोबाईल जोडायचा नाही. पोरांनाही बजावून ठेवा.

आपल्या हातचं काम बाहेरचं. कोरड्या फडक्यानं धूळ पुसा, ओलं फडकं नको. वाळवी लागली आहे का, उंदरानं वायर कुरतडली आहे का, ते बघा. रेकॉर्डची सुई तपासून घ्या. ७८ च्या जुन्या तव्यांना जाड सुई लागते, ३३ च्या लाँगप्लेला बारीक.

आतलं काम जाणत्या मेकॅनिकचं. पैसे आधी ठरवा, काढलेले भाग परत मागा. एफएम ऐकायचं असेल तर पेटीच्या रिकाम्या जागेत एफएम-ब्लूटूथचा छोटा बोर्ड त्याच्या वेगळ्या अॅडॅप्टरवर बसवता येतो. जुना स्पीकर त्याला जोडता येतो, पण मग स्पीकरशिवाय जुना रेडिओ चालू करायचा नाही, नाहीतर त्याचा ट्रान्सफॉर्मर जळू शकतो. जुनं यंत्र मोडू नका, जपून ठेवा.

आणखी एक. व्हॉल्व्हचे रेडिओ जाणणारे कारागीर आता थकले. त्यांच्याबरोबर ही विद्याही जाईल. आयटीआयत इलेक्ट्रॉनिक्स मेकॅनिकचा ट्रेड आहे, तो मुलींनाही घेता येतो. शिकणाऱ्या लेकीला अशा कारागिराशेजारी चार महिने बसवा. पेटी वाजेल आणि लेकीच्या हाताला कामही मिळेल.

पुढच्या बैठकीत विचारा, कुणाच्या माळ्यावर काय आहे? आम्हाला जरूर कळवा.