प्लगातील तिसरी तार

(प्राथमिक शिक्षकांच्या केंद्र-संमेलनात दिलेले व्याख्यान)



शिक्षकांच्या संमेलनात वाचन-लेखनाच्या पद्धतींवर बोलावे, बालमानसशास्त्रावर बोलावे, ही आपली रीत आहे. मोडका प्लग काढून त्या जागी नवा कसा बसवावा, हा व्याख्यानाचा विषय होऊ शकतो काय, अशी शंका आपणांपैकी काहींच्या मनात आली असेल. परंतु खेड्यातील शिक्षकाचे काम शाळेच्या चार भिंतींत संपत नाही, हे आपण सारे जाणतो. कागद वाचून दाखवावयाचा असो, अर्ज लिहावयाचा असो, की बिघडलेली वस्तू असो, "गुरुजी, हे जरा बघता का?" म्हणून लोक आपल्याकडेच येतात. आज वीज घराघरांत पोचली आहे, शाळेत संगणक आणि दूरचित्रवाणी संच आले आहेत. तेव्हा ज्या कामात चूक झाली असता माणसाच्या जिवावर बेतते, ते काम आपणांस नीट ठाऊक असणे अगत्याचे आहे.

प्रथम माझ्याच हातून घडलेली एक चूक सांगतो. नोकरीच्या सुरुवातीच्या काळात आमच्या घरच्या इस्त्रीचा प्लग तडकला. मी बाजारातून नवा आणला आणि बसवावयास घेतला. इस्त्रीच्या वायरमधून तीन तारा निघाल्या. दोन मी बसविल्या. तिसरी, हिरवी तार आखूड पडत होती. दोन तारांवर इस्त्री तापते हे मला माहीत होते. म्हणून तिसरी पक्कडीने कापून टाकली. इस्त्री उत्तम तापली आणि घरात माझ्या कारागिरीचे कौतुक झाले. काही महिन्यांनी इस्त्रीला हात लागला की झिणझिण्या येऊ लागल्या. त्यावर आम्ही उपाय काढला तो असा, की इस्त्री करताना पायांत चप्पल घालावी! पुढे श्रावणातल्या एका सकाळी आई नुकत्याच पुसलेल्या ओल्या फरशीवर अनवाणी उभी राहून इस्त्री करू लागली, आणि किंकाळी फोडून बाजूला पडली. तिचा हात सुटला म्हणून ती वाचली. नंतर इस्त्री उघडून पाहिली, तेव्हा आतल्या एका तारेचे वेष्टन उष्णतेने जळून ती तार पत्र्याला टेकलेली आढळली. इस्त्रीत दोष उत्पन्न झाला हे खरे, परंतु त्या दोषाचा अपघात केला तो माझ्या पक्कडीने.

त्या दिवशी जे शिकलो तेच आज आपणांपुढे मांडावयाचे आहे. उपकरण चालणे ही एक गोष्ट, आणि ते सुरक्षित असणे ही निराळी गोष्ट होय. पहिलीला दोन तारा पुरतात, दुसरीला तीन लागतात.

या तीन तारांचे काम काय, ते पाहू. आपल्या घरी २३० व्होल्ट दाबाची वीज येते. फेजच्या तारेने ती उपकरणात शिरते व न्यूट्रलच्या तारेने परत जाते. या दोहोंवर उपकरणाचे सारे काम चालते. तिसरी तार अर्थची, म्हणजे भूमीशी जोडलेली. ती उपकरणाच्या धातूच्या अंगाला जोडलेली असते आणि एरवी तिच्यातून प्रवाह वाहत नाही. म्हणूनच ती निरुपयोगी वाटते. परंतु फेजची तार आतल्या आत सुटून पत्र्याला टेकली, की त्या क्षणी ही तार प्रवाहाला भूमीकडे जाण्याचा सोपा मार्ग करून देते. प्रवाह एकदम वाढतो, फ्यूज वितळतो किंवा एमसीबी खाली पडते, आणि वीज बंद होते. अर्थची तार नसेल तर काहीच घडत नाही. उपकरण पूर्ववत चालत राहते आणि त्याचा पत्रा २३० व्होल्ट अंगावर घेऊन कोणाचा तरी हात लागण्याची वाट पाहत बसतो. मग भूमीकडे जाण्याचा मार्ग म्हणजे त्या माणसाचे शरीर.

प्लगाची घडणही हेच सांगते. तीन पिनांपैकी अर्थची पिन सर्वांत जाड व सर्वांत लांब असते. लांब अशासाठी, की प्लग खोचताना ती सर्वांआधी सॉकेटात शिरावी आणि उपसताना सर्वांच्या शेवटी सुटावी. जाड अशासाठी, की ती चुकूनही दुसऱ्या छिद्रात जाऊ नये. आपला हा गोल पिनांचा प्लग १९३४ सालच्या ब्रिटिश मानकाच्या वळणाचा आहे. १९४७ साली ब्रिटनमध्ये चौकोनी पिनांचा नवा प्लग आला, त्याच्या पोटात स्वतःचा फ्यूज असतो. आपल्या प्लगात सामान्यतः तो नसतो. म्हणून आपल्याकडे प्लगाची जोडणी चुकली, तर तिला सावरणारा फ्यूज दूर बोर्डावरच असतो, हे विसरू नये.

आता प्रत्यक्ष कामाकडे वळू.

प्लग विकत घेताना भारतीय मानक ब्यूरोचे आय.एस.आय. चिन्ह व त्यासोबत आय.एस. १२९३ हा क्रमांक पाहून घ्यावा. आपल्याकडे दोन मापांचे प्लग चालतात, ६ अँपिअरचा लहान व १६ अँपिअरचा मोठा. जुन्या प्लगांवर ५ व १५ हे आकडे आढळतात. कोणता घ्यावा, हे सातवीचा विद्यार्थीही काढू शकेल. उपकरणावर लिहिलेल्या वॅटना २३० ने भागावे. १००० वॅटच्या इस्त्रीला सुमारे ४.३ अँपिअर लागतात, तिला लहान प्लग पुरतो. २००० वॅटच्या गिझरला सुमारे ८.७ अँपिअर लागतात, त्याला मोठाच हवा.

काम सुरू करण्यापूर्वी प्लग सॉकेटातून पूर्णपणे उपसून घ्यावा व आपल्या नजरेसमोर ठेवावा. नुसते बटण बंद करून भागत नाही, कारण पुष्कळ घरांत बटण चुकीच्या तारेवर बसविलेले असते. मग वायर टोकापासून टोकापर्यंत हातांनी तपासावी. कुठे उंदराने कुरतडली असेल, कडक होऊन भेगाळली असेल, तर नुसता प्लग बदलण्यात अर्थ नाही. ती वायरच संपूर्ण बदलावी.

पुढची पायरी रंग ओळखण्याची, आणि येथे फसगत फार होते. हल्लीच्या उपकरणांच्या वायरीत तपकिरी तार फेजची, निळी न्यूट्रलची आणि हिरव्या रंगावर पिवळा पट्टा असलेली अर्थची असते. जुन्या वायरीत लाल तार फेजची, काळी न्यूट्रलची व हिरवी अर्थची. परंतु घराच्या भिंतीतील जोडणीत लाल, पिवळा व निळा हे तिन्ही रंग फेजसाठी वापरले जातात. म्हणजे जी निळी तार उपकरणाच्या वायरीत न्यूट्रल असते, तीच बोर्डात जिवंत फेज असू शकते. यासाठीच माझी विनंती अशी, की आपले काम प्लगापाशी थांबवावे. सॉकेट किंवा बोर्ड उघडण्याचे काम परवानाधारक वायरमनचे आहे.

प्लगाचे झाकण काढावे. झाकणातून वायर ओवावयाची असेल तर ती आधीच ओवून घ्यावी, नाहीतर सारी जोडणी झाल्यावर पुन्हा सोडवावी लागते. वायरचे बाहेरचे जाड वेष्टन सुमारे चार सेंटिमीटर सोलावे. आतील प्रत्येक तारेचे टोक सुमारे एक सेंटिमीटर उघडे करावे. सोलताना तांब्याचे बारीक तंतू तुटू देऊ नयेत. जितके तंतू तुटतात तितकी तार बारीक होते व तेथे तापते. अर्थची तार इतर दोहोंपेक्षा थोडी लांब ठेवावी. वायरला हिसका बसून तारा सुटल्याच, तर फेज आधी सुटावी आणि अर्थ शेवटी, हा त्यातील हेतू.

प्लगावर प्रत्येक पिनेजवळ इंग्रजी अक्षरे कोरलेली असतात. 'एल' म्हणजे फेज, 'एन' म्हणजे न्यूट्रल, 'ई' म्हणजे अर्थ. पिनांची टोके पलीकडे व जाड पिन वरच्या अंगास येईल असा प्लग धरला, तर उजवीकडे फेज व डावीकडे न्यूट्रल येते. शंका आल्यास अक्षरेच प्रमाण मानावीत. तंतूंना पीळ देऊन तार स्क्रूभोवती घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने वळवावी, म्हणजे स्क्रू आवळताना ती आत ओढली जाते. टोकांना डाख देऊन ती कडक करू नयेत. डाखाचे कथील दाबाखाली हळूहळू चेपते आणि स्क्रू सैल पडतो. प्रत्येक तार हलकेच ओढून पाहावी. एकही तंतू बाहेर डोकावता कामा नये.

वायर बाहेर पडते त्या जागी एक पकडपट्टी असते. पुष्कळजण ती लावतच नाहीत, किंवा आतल्या बारीक तारांवर आवळतात. ती बाहेरच्या जाड वेष्टनावरच बसली पाहिजे, म्हणजे ओढ पट्टीवर येईल, स्क्रूंवर येणार नाही. नंतर झाकण लावावे. शाळेत मल्टिमीटर असेल, तर प्लग बाहेर असतानाच जाड पिन व उपकरणाचा उघडा धातू यांत जोड आहे, आणि फेजची पिन व जाड पिन यांत जोड नाही, एवढे पाहून घ्यावे. प्लग लावल्यावर तो गरम होऊ लागला, तर कुठेतरी पकड सैल आहे असे समजून तत्काळ बंद करावे.

काही उपकरणांच्या वायरीत मुळातच दोन तारा असतात. अशा उपकरणावर एका चौकोनात दुसरा चौकोन अशी खूण असेल, तर त्याला दुहेरी वेष्टन आहे व अर्थची तार लागत नाही, असे समजावे. ती खूण नसेल आणि अंग धातूचे असेल, तर दोन तारांवर समाधान मानू नये.

यानंतर एक कटू सत्य सांगितले पाहिजे. प्लग कितीही चोख बसविला, तरी सॉकेटाच्या मागे अर्थची तारच नसेल तर ते श्रम वाया जातात. साधा टेस्टर फेज दाखवितो, अर्थ आहे की नाही हे सांगत नाही. शाळेचे व घराचे अर्थिंग वायरमनकडून मापून घ्यावे. उन्हाळ्यात जमीन सुकली की तिचा रोध वाढतो. रोध २० ओहम झाला, तर प्रवाह जेमतेम साडेअकरा अँपिअर होतो, आणि १६ अँपिअरचा फ्यूज तेवढ्याने वितळत नाही. म्हणून आरसीसीबी नावाचे यंत्र बोर्डावर बसवून घेणे हितावह आहे. केवळ ३० मिलिअँपिअर प्रवाह भलत्या वाटेने जाऊ लागला, तरी ते निमिषार्धात वीज तोडते. ते यंत्र आहे म्हणून अर्थची तार मात्र गाळू नये. सॉकेटात अर्थ व न्यूट्रल एकत्र जोडून देणारे काही महाभागही आढळतात. तसे केल्यास न्यूट्रलची तार तुटताच उपकरणाचे सारे अंग जिवंत होते.

आता आपल्या शाळांकडे पाहू. पंधरा ऑगस्टला ध्वनिक्षेपक लावताना प्लग सापडत नाही, तेव्हा उघड्या तारा सॉकेटात खोचून आगपेटीच्या काड्यांनी घट्ट केल्या जातात. दोन पिनांचा प्लग बसावा म्हणून वरच्या छिद्रात पेन खुपसला जातो. हे दृश्य आपण सर्वांनी पाहिले आहे, आणि मुलेही ते पाहत असतात. आपण भिंतीवर सुरक्षिततेची वचने लिहितो, पण मुले शिकतात ती आपल्या हातांकडे पाहून.

म्हणून एक छोटा पाठ सुचवितो. एक जुना प्लग व हातभर सुटी वायर घ्यावी. वायरचे दुसरे टोक कशालाही जोडलेले नसावे. वरच्या वर्गांतील मुलांसमोर ती जोडून दाखवावी. दुसऱ्या प्लगात मुद्दाम तीन चुका करून ठेवाव्यात आणि त्या मुलांना शोधू द्याव्यात. पाठ संपताच वायर प्लगातून सोडवून ठेवावी, म्हणजे कोणी ती सॉकेटात लावणार नाही. मुलांनी घरी जाऊन कशालाही हात न लावता एवढेच पाहून यावे, की कोणत्या प्लगाला जाड पिन नाही, कोणत्या वस्तूला झिणझिण्या येतात, कुठे तारा नुसत्या खोचल्या आहेत. ती यादी पालकसभेत वाचून दाखवावी. विजेचा धक्का बसलेल्या माणसाला हात लावू नये, आधी मेन स्विच बंद करावा, ते शक्य नसल्यास कोरड्या लाकडाने त्याला दूर करावे व १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी, हेही त्याच सभेत सांगावे.

माझी आई पुढे बरीच वर्षे त्याच इस्त्रीने कपडे इस्त्री करीत असे. तिची आतली तार दुरुस्त झाली होती, वायर नवी होती आणि प्लगात तिन्ही तारा होत्या. त्या तिसऱ्या तारेला पुन्हा कधी काम पडले की नाही, मला ठाऊक नाही. तिला काम पडू नये, परंतु पडलेच तर ती जागेवर असावी, एवढीच तिच्याकडून अपेक्षा असते.