कारखानदारी आधी कोठे रुजली, आणि का?

(कोल्हापूर येथे तरुण उद्योजक व अभियांत्रिकीचे विद्यार्थी यांच्यापुढे झालेल्या व्याख्यानाचा संपादित अंश)



कारखानदारी इंग्लंडात अठराव्या शतकात उभी राहिली आणि आपल्याकडे ती रुजायला पुढे शंभर वर्षे लागली. हे का घडले, असे विचारताच आपल्या बैठकांतून एक उत्तर तत्काळ येते : इंग्रजांनी आपल्याला लुटले. हे उत्तर खोटे नाही. भारतीय छापील कापडावर इंग्लंडच्या संसदेने १७०० आणि १७२१ मध्ये निर्बंध घातले. आमच्या विणकराशी स्पर्धा जमेना, म्हणून त्याला कायद्याने अडवले गेले. पुढे इंग्रजी गिरणीचे कापड आपल्या बाजारात लोटले, तेव्हा असा कायदा करण्याची सत्ता आपल्या हाती नव्हती. तरीही हे उत्तर अपुरे आहे, आणि त्याचा पुरावा जवळच मिरजेत आहे.

१८०५ साली गंगाधरराव पटवर्धनांच्या आश्रयाने मिरजेत भगवद्गीता छापली गेली. पुण्याच्या दरबारातील इंग्रज वकील मॅलेट याच्या प्रोत्साहनाने तयार झालेल्या कारागिराने तांब्याच्या पत्र्यांवर अक्षरे कोरली. राज्य आपले, आश्रयदाता आपला, ग्रंथ आपला, हातही आपला. पेशवाई बुडायला अजून तेरा वर्षे होती. पण त्या गीतेमागून मुद्रणाचा धंदा उभा राहिला नाही. कारागिराची विद्या त्याच्या बोटांतच राहिली.

इंग्लंडात काय वेगळे होते? दगडी कोळसा स्वस्त होता आणि मजुरी महाग. मजूर महाग असला की यंत्र परवडते. आपल्याकडे सूतकताईची मजुरी इतकी अल्प होती की यंत्रात पैसा घालणारा वेडाच ठरला असता. हा फरक बुद्धीचा नव्हे, हिशेबाचा. पण केवळ हिशेबानेही यंत्र निर्माण होत नाही. जेम्स वॅट हा ग्लासगोच्या विद्यापीठात उपकरणे दुरुस्त करणारा कारागीर. त्याच विद्यापीठात उष्णतेचा अभ्यास करणारे प्राध्यापक जोसेफ ब्लॅक त्याचे स्नेही होते. वाफेच्या इंजिनातील सुधारणेचे पेटंट वॅटला १७६९ साली मिळाले, परंतु सिलिंडर काही केल्या अचूक होईना. ते जमले लोखंडाचा कारखानदार जॉन विल्किन्सन याला. १७७४ साली त्याने तोफेची नळी कोरण्याचे यंत्र काढले होते. त्या अनुभवावर त्याने वॅटचा सिलिंडर कोरून दिला. बोअर किंचित चुकला तर काय होते, हे या सभेत मी सांगावे असे नाही! प्राध्यापक, कारागीर आणि ओतारी एकमेकांशी बोलत होते, एवढेच मला येथे दाखवायचे आहे.

आपल्या समाजात ग्रंथ वाचणारा ऐरणीला हात लावत नव्हता, आणि ऐरणीवर राबणाऱ्याला ग्रंथ वाचू दिला जात नव्हता. ही व्यवस्था कोणा परकीयाने आपल्यावर लादलेली नव्हती.

लक्ष्मणराव किर्लोस्करांनी ही भिंत एका बाजूने ओलांडली. सुशिक्षित ब्राह्मण घरातील हा मनुष्य मुंबईतील तंत्रशाळेत शिकवत होता. ती नोकरी सोडून तो बेळगावात लोखंडी नांगर घडवू लागला. लोखंडाने जमीन नासते, अशी शेतकऱ्यांची भीती. त्यामुळे सुरुवातीचे नांगर दीर्घकाळ विकले गेले नाहीत. बेळगावची जागा सोडावी लागली, तेव्हा औंधच्या पंतप्रतिनिधींनी जमीन आणि कर्ज दिले आणि १९१० मध्ये किर्लोस्करवाडी वसली.

दुसऱ्या बाजूने ती भिंत पाडण्याचे काम कोल्हापुरात झाले. राजर्षी शाहू महाराजांचे औद्योगिक कार्य सांगताना आपण १८९५ ची शाहूपुरी, १९०६ ची गिरणी आणि राधानगरीचे धरण यांचा उल्लेख करतो. १९०१ पासून उभी राहिलेली वसतिगृहे आणि १९१७ चे सक्तीचे मोफत प्राथमिक शिक्षण मात्र आपण सामाजिक कार्याच्या वेगळ्या प्रकरणात टाकतो. माझ्या मते तेही उद्योगाचेच प्रकरण आहे. लोहार-सुताराच्या मुलाच्या हाती पाटी आली, ही गिरणीइतकीच मोठी भांडवली गुंतवणूक होती. पहिल्या महायुद्धात लोखंड मिळेनासे झाले, तेव्हा महाराजांनी संस्थानातील निकामी तोफा नांगरांसाठी किर्लोस्करांना दिल्या, हेही येथे आठवावे.

पुढचा क्रम तुम्हांस परिचित आहे. पाणी आले, ऊस वाढला, गुळाची पेठ फुलली. चरकांना आणि पंपांना ऑइल इंजिने लागली, ती मोडू लागली, आणि दुरुस्ती करता करता येथील मिस्त्रींनी ती स्वतःच बनवली. म्हादबा मिस्त्री, वाय. पी. पोवार ही नावे उद्यमनगर विसरलेले नाही. चित्रपटाचा कॅमेरा घडवणारे बाबूराव पेंटर याच मातीतले, सुतारकाम जाणणाऱ्या घरातले. आज या परिसरात शेकडो फौंड्र्या आहेत.

इंग्लंडचा कोळसा म्हणजे आपली वीज. तिच्या दरांपायी येथील कारखानदारांनी सीमेपलीकडे कर्नाटकात जाण्याची भाषा अनेकदा केली आहे, आणि शासनाशी ते भांडण चालूच राहील. पण शासनाकडे न जाता करता येण्याजोगे एक काम आपल्या हातात आहे. साच्याची माती हाताने पारखणारा जुना मोल्डर निवृत्त होतो, तेव्हा त्याने काय ओळखले आणि कसे ओळखले, हे आपल्या किती फौंड्र्यांत लिहून घेतले जाते? आणि ते लिहून घ्यायला आपल्या घरातला अभियंता मुलगा त्याच्याजवळ किती दिवस बसतो?