बाळंतपण हे बाबांचंही काम आहे



मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे, डॉक्टर नाही. आज इथे आई-बाबा होणारी जोडपी बसली आहेत. त्यातल्या बाबांना मला माझी एक चूक सांगायची आहे.

गाडी घेताना मी तीन आठवडे मायलेज ताडून पाहत होतो. पहिल्या बाळंतपणाच्या वेळी मात्र डॉक्टरांना एक प्रश्नही विचारला नाही. ते बायकांचं काम, असं धरून चाललो. मुलगा झाला. त्याच्या कानात अजान दिली, मिठाई वाटली, झालं माझं काम! आत आमच्या खालांनी बाळाला मध चाटवला. चिकाचं दूध जड असतं म्हणून पिळून टाकायला लावलं. बायकोने माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, "मोठ्यांना कळतं."

दोन दिवस मध आणि साखरेचं पाणी. तिसऱ्या दिवशी बाळ डोळे उघडेना, अंग पिवळं पडलं. वजन फार उतरलं होतं, कावीळ वाढली होती. पाच दिवस तो काचेच्या पेटीत निळ्या दिव्याखाली होता. तो बरा झाला, शुक्र आहे. पण बायकोची ती नजर मी विसरलेलो नाही.

नंतर वाचलं, विचारलं. जागतिक आरोग्य संघटना सांगते, जन्मानंतर तासाभरात आईचं दूध द्या आणि सहा महिने दुसरं काही नको, पाणीसुद्धा नको. चीक थोडाच असतो, पण बाळाचं पोटही तेवढंच असतं. रोगांशी लढणारी द्रव्यं त्यात भरपूर असतात. सिझेरियन झालं तरी तो देता येतो. मधात मात्र असे जंतू असू शकतात, जे एक वर्षाच्या आतल्या बाळाच्या जिवावर बेततात.

दुसऱ्या वेळी मी सातव्या महिन्यातच खालांजवळ जाऊन बसलो. वाद घातला नाही. म्हटलं, "खाला, सूरह बकरामध्ये आईने दोन वर्षं दूध पाजण्याची गोष्ट आहे. मग पहिलंच दूध टाकून कसं द्यायचं?" त्या गप्प झाल्या. पुढच्या तपासणीला त्यांनाच सोबत नेलं आणि सिस्टरांनी त्यांना नीट समजावलं. मुलगी झाली. पुसून लगेच आईच्या छातीवर ठेवली, तिथेच मी तिच्या कानात अजान दिली. अर्ध्या तासात ती दूध ओढायला लागली. मधाची बाटली खालांनी परत पिशवीत ठेवली.

तर बाबांनो, आठव्या महिन्याच्या आत हे प्रश्न विचारा. कळा सुरू झाल्यावर सोबत कोण थांबू शकेल? सरकारच्या 'लक्ष्य' कार्यक्रमात २०१७ पासून प्रसूतीच्या वेळी सोबतीणीला जागा आहे. बाळ ठीक असेल तर नाळ किमान एक मिनिट थांबून कापाल का? बाळाला लगेच आईच्या छातीवर द्याल का? सिझेरियन लागलं तर कोणत्या कारणाने? खर्चाची धास्ती असेल तर सरकारी दवाखान्यात 'जननी शिशु सुरक्षा' योजनेखाली सिझेरियनसुद्धा मोफत आहे.

घरी आल्यावर नाळेला काही लावू नका, ती कोरडी ठेवा. डोळ्यांत सुरमा, काजळ नको. पहिली अंघोळ २४ तासांनंतर. आशाताई बेचाळिसाव्या दिवसापर्यंत ठरलेल्या दिवशी बाळ बघायला येतात, त्यांना दारातून परत पाठवू नका. बाळ दूध ओढेना, मिनिटाला ६० किंवा जास्त वेळा श्वास घेऊ लागलं, अंग तापलं किंवा थंड पडलं, झटका आला, तळवे पिवळे दिसले, तर सकाळची वाट पाहू नका. तडक दवाखाना गाठा.

आमच्या खाला वाईट नव्हत्या. त्यांना जे शिकवलं गेलं, ते त्यांनी जीव लावून केलं. त्यांच्याशी वेळेवर बोलणं माझं काम होतं. तुमच्या घरातल्या खालांशी आज रात्रीच बोला.