मिठाच्या खड्यातील बंध



मीठ प्रत्येक घरी असते, म्हणून रासायनिक बंधाचा पाठ मिठावरून देण्याची प्रथा पडली आहे. प्रथा योग्यच आहे. मात्र तो पाठ ज्या शब्दांत सांगितला जातो, ते एकदा पारखून घेणे अगत्याचे आहे. फळ्यावर दोन अणू काढले जातात. सोडियमचे ११ इलेक्ट्रॉन २, ८, १ अशा कवचांत, क्लोरिनचे १७ इलेक्ट्रॉन २, ८, ७ अशा कवचांत. सोडियम आपला बाहेरचा एकुलता इलेक्ट्रॉन आनंदाने देऊन टाकतो, क्लोरिन तो घेतो आणि दोघांची जोडी जमते. लग्न लागले, वऱ्हाड घरी गेले! मुलांना गोष्ट आवडते. पण तीत दोन चुका राहून जातात.

पहिली चूक दानशूरपणाची. इलेक्ट्रॉनच्या देवघेवीची कल्पना जर्मन शास्त्रज्ञ वाल्थर कोसेल यांनी १९१६ साली मांडली, व ती ग्राह्य आहे. परंतु सोडियम आपला इलेक्ट्रॉन सुखासुखी सोडीत नाही. २३ ग्रॅम सोडियमच्या वाफेतील प्रत्येक अणूपासून एकेक इलेक्ट्रॉन तोडण्यास सुमारे ४९६ किलोज्यूल ऊर्जा खर्चावी लागते. क्लोरिनच्या तितक्याच अणूंनी ते इलेक्ट्रॉन स्वीकारले म्हणजे सुमारे ३४९ किलोज्यूल परत मिळतात. व्यवहार येथेच थांबला तर तोटाच. तो भरून निघतो पुढे. इलेक्ट्रॉन गमावलेला सोडियम धनभारित आयन होतो, मिळविलेला क्लोरिन ऋणभारित. विरुद्ध भार परस्परांस ओढतात, आणि हे असंख्य आयन एकत्र येऊन घन मीठ बनताना सुमारे ७८७ किलोज्यूल ऊर्जा बाहेर पडते. सोडियमची वाफ करणे, क्लोरिनचे रेणू फोडणे, हे खर्चही तीतूनच भागतात. बंध आहे तो या आकर्षणाचा. देवघेव ही त्याची पूर्वतयारी होय.

दुसरी चूक जोडीची. लॉरेन्स ब्रॅग यांनी १९१३ साली क्ष-किरणांच्या साहाय्याने मिठाच्या स्फटिकाची रचना उलगडली, तेव्हा त्यात जोड्या आढळल्याच नाहीत. प्रत्येक सोडियम आयनाच्या चारी बाजूंस चार, वर एक व खाली एक असे सहा क्लोरिन आयन. प्रत्येक क्लोरिन आयनाभोवती तसेच सहा सोडियम. कोण कोणाचा, हा प्रश्नच उरत नाही. मिठाचे सूत्र केवळ प्रमाण सांगते, एकास एक. ही गोष्ट पचणे जाणत्यांनाही जड गेले. हेन्री आर्मस्ट्राँग या वृद्ध इंग्रज रसायनशास्त्रज्ञांनी १९२७ साली ‘नेचर’ साप्ताहिकातून या बुद्धिबळाच्या पटासारख्या मांडणीची थट्टा केली होती. मग वर्गातील एखादा मुलगा ‘गुरुजी, मिठाचा रेणू कोठे आहे?’ असे विचारू लागला, तर त्याला गप्प बसविण्याचे कारण नाही.

त्याच्या हाती सैंधवाचा एक स्वच्छ खडा व भिंग द्यावे. खड्यावर हलका घाव बसला की आयनांचा एक थर किंचित सरकतो, धनासमोर धन व ऋणासमोर ऋण येते, आणि जे थर एकमेकांस धरून होते तेच एकमेकांस दूर लोटतात. खडा वाकत नाही, चेपत नाही, सरळ दुभंगतो. भिंगातून पाहावे, तुकड्यांच्या कडा काटकोनात दिसतात.